परेशच्या नावापुढचा ठिपका

फायली एकूण अकरा हजार चारशे बावन्न. त्यांतल्या सहा हजार एकोणीस उघडत नव्हत्या. सकाळचे दहा वाजून चार मिनिटं झाली होती. नूतनने आकडा लिहून घेईपर्यंत आणखी सात गेल्या.

उरणच्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात संगणकाचं सगळं तीच बघायची. बाहेरून कोणीतरी आत शिरलं होतं आणि एकेका फायलीला कुलूप लावत चाललं होतं. वेगळी ठेवलेली प्रत शनिवारची होती; त्यानंतरचं जे जाईल ते परत येणार नव्हतं. दारात मोरू ड्रायव्हर ताटकळत होता. कागद निघाल्याशिवाय त्याचा ट्रेलर बंदराच्या गेटातून आत जाणार नव्हता.

"मॅडम, आमची गाडी बंद पडली तर धक्का तरी मारता येतो," तो म्हणाला. "हिला कुठून मारायचा?"

नूतन हसली नाही. चोर कुठल्या दाराने आला ते तिला सापडलं होतं. पडद्याच्या कडेला कर्मचाऱ्यांची नावं होती. जो आत असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. आत्ता दोन ठिपके होते. एक तिचा. दुसरा परेशचा.

परेश म्हणजे मालकाचा मुलगा. त्याला जाऊन सात महिने झाले होते. पासवर्ड त्याने पहिल्या ट्रेलरचा नंबर ठेवला होता. तो ट्रेलर रोज तोच नंबर पाठीवर घेऊन हायवेने फिरत होता. कामाला लागल्या लागल्या नूतनने हे खातं बंद करू या म्हटलं होतं. वर्षश्राद्ध होईपर्यंत नाव काढायचं नाही, असं उत्तर मिळालं होतं.

उत्तर देणारे मालक, अंबाजीकाका, शेजारच्या खुर्चीत बसले होते. खातं बंद करायला मालकाचा होकार लागत होता, आणि त्याचं बटण त्यांच्या फोनवर आलेलं होतं.

"काका, दाबा. मिनिटाला वीस फायली जातायत."

"आज चवथा दिवस," ते म्हणाले.

"कसला?"

"ठिपक्याचा. पहाटे पाचला फोनवर लागतो. परेश पाचलाच यायचा ना ऑफिसात."

नूतनने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"मना म्हाईत हाय गो, तो न्हाय. पन मी कोनाला बोललो न्हाय. बोललो असतो तर तू बंद केला असतास."

मोरू दारातून मागे सरला.

"जरा थांब," काका म्हणाले. "जराच."

नूतनने घड्याळाकडे पाहिलं नाही. गरज नव्हती, वेळ फायलीच मोजत होत्या. ड्रायव्हरांचे परवाने गेले. विम्याचे कागद गेले. आकडा सहा हजार एकशे सव्वीसवर आला तेव्हा काकांनी अंगठा टेकवला.

ठिपका विझला. आकडा थांबला.

काकांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. मग त्यांनी विचारलं, "सगळा मिळून किती वेळ होता?"

नूतनने नोंदी उघडल्या. परेशच्या खात्यात शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या चारही दिवसांतल्या वेळा कागदावर मांडल्या. बेरीज केली. मग पुन्हा एकदा केली.

"आठ तास चार मिनिटं, काका."