केबिनमधली बाळंतीण

साहेबांच्या लाडक्या कुत्रीला भर ऑफिसात, त्यांच्या केबिनमध्येच कळा सुरू झाल्या आणि दुसरं पिल्लू अडलं. जनावरांचे डॉक्टर फोनवरून समजावत होते, पण साहेब नुसतेच केबिनभर येरझाऱ्या घालत होते. "तू नुकतीच यातून गेलीयस, तूच बघ!" म्हणत त्यांनी परवाच बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या रिसेप्शनिस्टला हाक मारली. जणू तिलाही पिल्लंच झाली होती!

कळ आली तसं तिनं पिल्लू अलगद ओढून काढलं, कुंईकुंई करेपर्यंत टॉवेलनं चोळलं आणि आईच्या दुधाला लावलं. साहेबांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी एसी बंद करवला आणि आपला कारभार बाहेरच्या स्टुलावर हलवला.

"पिल्लांचं दूध सुटेपर्यंत केबिन हिचीच! अंगावर पिणारं लेकरू आईपासून तोडायचं म्हणजे माणसाला काळीजच नसावं लागतं."

रिसेप्शनिस्टला धीर आला. "साहेब, माझी रजा वाढवायचं तेवढं..."



"पुन्हा तेच? तुझ्या बाळाला बाटलीची सवय लाव म्हटलं होतं ना!" साहेब कुजबुजले. "आणि जरा हळू बोल, बाळंतीण झोपलीय."