उरलेला गोटा

"आत जानाऱ्यानं एक गोटा इथं ठेवाचा. बाहीर आला का आपला गोटा उचलाचा," श्रावण म्हणाला आणि खाणीच्या तोंडाशी असलेल्या सपाट शिळेवर त्यानं आपला दगड ठेवला. "आन् कोनी आत असताना मोठ्यानं हाक माराची नाही. छत कच्चं हाये."

शेंदूरजनाघाटाहून दीड कोस चालून मंडळी ही ओसाड सोन्याची खाण पाहायला आली होती. सोनं खणणाऱ्या साहेबालाही मिळालं नव्हतं, पण सहलीला काहीतरी निमित्त हवं. अमरावतीचे रविकांत वकील, त्यांचा धाकटा भाऊ कमलाकांत आणि शेजारचे हरिहर मास्तर पुढे, मोकळ्या हातांनी. वकिलांच्या पत्नी गोदावरीबाई दशम्यांची पिशवी घेऊन बऱ्याच मागे. वाट दाखवायला जंगलखात्यातला श्रावण.

"काय रे श्रावण," मास्तर हसले, "दोन वर्षं झाली तुला बुद्धाची दीक्षा घेऊन. अजून दगडच पुजतोस?"

"पूजा नोहे मास्तर, मोजनी हाये. एकडाव एक गोटा उरला होता. लोक दिवस बुडेपर्यंत बाहीरच वाट पायत बसले. थो माह्या बापाचा होता."

मास्तरांचं हसू जागीच विरलं. तिघांनी दगड ठेवले, रविकांतांनी खिशातली बॅटरी काढली आणि श्रावणच्या कंदिलामागे ते आत गेले.

गोदावरीबाई पोचल्या तेव्हा शिळेवर चार दगड ओळीनं मांडलेले होते. रानातल्या देवाला येणारा-जाणारा एक गोटा वाहतो, हे त्यांनी माहेरच्या वाटेवर लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनीही एक वाहिला. कपाळाचं कुंकू बोटानं त्याला टेकवलं. लाल मुरमाचा दगड, त्यावर ते दिसलंही नाही. "सगळ्यांना धड बाहेर आण रे बाबा," असं म्हणून त्या लोटा घेऊन खालच्या नाल्यावर गेल्या.

अंधाराला कंटाळून कमलाकांत सगळ्यांच्या आधी बाहेर आला. आपला दगड त्यानं भिरकावला आणि आवळे दिसले म्हणून झाडीत शिरला. कुणाला सांगून जायची त्याला कधी सवयच नव्हती.

थोड्या वेळानं बाकीचे तिघे बाहेर आले. तिघांनी आपापले दगड उचलले. एक उरला.

"कमलाकांत कुठे आहे?" रविकांत मागे वळले. मागे कुणी नव्हतं.

श्रावण उरलेल्या दगडाकडे पाहत राहिला. मग त्यानं आपला दगड पुन्हा शिळेवर ठेवला.

"डाव्या फाट्यात गेले असतीन. थो फाटा खराब हाये. तुमी इथंच राहा."

कंदिलाचा उजेड वळणाआड गेला. आत कुठेतरी माती घसरली.

गोदावरीबाई लोटा भरून वर आल्या. त्यांच्या मागोमाग झाडीतून कमलाकांत आला, ओंजळभर आवळे घेऊन.

"तोंडं काहून उतरली अशी?" त्यानं विचारलं.

रविकांतांनी भावाकडे पाहिलं, मग शिळेकडे. "तू इथं आहेस. मग हा दगड कुणाचा? श्रावण तुला शोधायला आत गेलाय."

गोदावरीबाईंनी लोटा खाली ठेवला. "माझा," त्या म्हणाल्या. "देव समजून वाहिला मी."

आत पुन्हा माती घसरली, या वेळी बराच वेळ. हाक मारायची सोय नव्हती. आणि कमलाकांत सापडल्याशिवाय श्रावण मागे फिरणार नव्हता. रविकांतांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी कमलाकांतकडे, कमलाकांतनं ओंजळीतल्या आवळ्यांकडे.

"येईल तो," रविकांत म्हणाले. "सवय आहे त्याला."

"त्याच्या बापालाही होती," मास्तर हळूच बोलले. पण हलले नाहीत.

रविकांतांनी चिडून तो उरलेला दगड उचलला. ते फेकणारच होते, तेवढ्यात गोदावरीबाईंनी तो त्यांच्या हातून घेतला आणि श्रावणच्या दगडाशेजारी पुन्हा ठेवला.

"राहू द्या. आता तो माझाच आहे."

नवऱ्याच्या दुसऱ्या हातातली बॅटरी घेऊन, पदर खोचून त्या वाकल्या आणि आत गेल्या.

तिघे शिळेवरच्या दोन दगडांपाशी उभे राहिले. रविकांतांच्या बोटांना कुंकू लागलं होतं.