डाव्या कौलाचे सहा संसार

पाकळी डावीकडे पडली.

"डावा," गोमाजी गुरव म्हणाला. "देवी नको म्हणते रे महिपत."

देवळात दोघांशिवाय कोणी नव्हतं. वडील मुंबईला गिरणीत, म्हणून बहिणीच्या लग्नाचा कौल लावायला महिपत आला होता. स्थळ नाते गावचं होतं आणि सुंदरेला ते मनापासून पटलं होतं. आता डावा म्हटलं की आई एक तर लग्न मोडणार, नाही तर जन्मभर धास्ती घेऊन बसणार.

महिपत नुकताच बी.एस्सी. झाला होता. ओल्या पाकळीचा आणि संसाराचा काय संबंध, असं त्याला वाटत होतं. पण नुसतं वाटणं त्याला पुरत नसे.

"काका, लग्नाचे कौल कुणाकुणाला लावलेत, आठवतं?"

"आठवतं सगळं. गावात मी तोंड उघडत नाय. तू देवीसमोर विचारतोस म्हणून सांगतो."

महिपतने कोळशाने फरशीवर चार चौकटी आखल्या. उजवा कौल, संसार टिकला. उजवा, मोडला. डावा, टिकला. डावा, मोडला. गोमाजी एकेक नाव सांगत गेला, महिपत रेघा ओढत गेला.

"रंगूबाई?"

"डावा. बापानं तरी लग्न लावलं. दोन वर्षांत परत आली. म्हैस आटली तरी सासू डाव्या कौलाचं नाव घ्यायची. कशी नांदंल ती?"

साठ नावं झाली. त्यांतले बावीस संसार मोडले होते. डाव्या कौलाची लग्नं वीस. कौलाचा आणि संसाराचा संबंध नसता तर त्या विसांतले सातेक मोडायला हवे होते. मोडले होते चौदा. महिपतने चारही चौकटींत अपेक्षेपेक्षा किती फरक पडला ते काढून काय-स्क्वेअर हा योगायोग तपासायचा आकडा मांडला. तो चारच्या पुढे गेला तर नुसता योगायोग म्हणता येत नाही, असं तो शिकला होता. इथे तो चौदाच्याही पुढे गेला.

त्याने पुन्हा गणित केलं. तेच आलं.

"संबंध आहे, काका," तो हळूच म्हणाला.

"मग? तू काय देवीची परीक्षा घेत व्हतास?" गोमाजी हसला.

महिपतला हसू आलं नाही. सुंदरेला काय सांगायचं, हेच त्याच्या डोक्यात होतं. मग त्याची नजर तिसऱ्या चौकटीवर गेली. सहा रेघा. डावा कौल, तरी सुखाने नांदलेल्या सहाजणी. त्यांच्यात वेगळं काय होतं? चौघी तर आसपासच्याच वाड्यांत होत्या. तो उठला.

ठकूबाई अंगणात नाचणी पाखडत होती. नवरा ओसरीवर दोन नातवंडांना खेळवत होता.

"आजी, तुमच्या लग्नाला कौल कुठला लागला होता?"

"तुझ्या बहिणीसाठी विचारतोस होय?" ठकूबाईने सूप खाली ठेवलं. "उजवा. माझ्या बापानंच देवळातनं येऊन सांगितला. याची आई मला कधी वाकडा शब्द बोलली नाय. देवीनं दिलेली सून म्हनायची."

"आणि मी?" म्हातारा ओसरीवरून म्हणाला.

"तुला कोन विचारतंय?"

देवळात तिची रेघ डाव्या कौलाच्या चौकटीत होती, हे महिपतने तिला सांगितलं नाही. पुढच्या तिघींनाही त्याने तेवढंच विचारलं, आणि तिघींनीही उजवाच सांगितला. कुणाच्या बापाने घरी येऊन सांगितला होता, कुणाच्या भावाने.

तो घरी पोचला तेव्हा आई दारातच उभी होती. तिच्यामागे सुंदरा कणीक मळायची थांबली होती.

"एवढा येळ? कौल काय लागला रे?"

प्रयोगशाळेत महिपतने एकही आकडा कधी फिरवला नव्हता.

"उजवा," तो म्हणाला. "नाते गावाला निरोप नको धाडू. त्यांनाही मीच सांगून येतो."