माझ्या नावाचं पान

अरे, ऐका तर! पासिगच्या ज्या बास्केटबॉल टीमविरुद्ध मी नऊ वर्षं जीव तोडून खेळलो, गुडघा गेल्यावर त्याच टीमचा कोच म्हणून लागलो. पण पोरं माझं एक अक्षर ऐकेनात. असंच चाललं तर ख्रिसमसच्या आधीच माझी नोकरी गेली म्हणून समजा.

काल सरावात जोमेल सगळ्यांसमोर म्हणाला, "कोच, राग नका मानू, पण तुम्ही खरंच खेळायचात, की नुसते बेंचवर बसून पाव खायचात?"

पोरं खिदळली. म्हटलं, थांब लेका! सामान सांभाळणाऱ्या तासियोकाकांकडून इथल्या जुन्या कोचची वही मागवली. समोरच्या टीममधल्या प्रत्येकाला कसं अडवायचं, ते सगळं तिच्यात लिहिलेलं. दिली जोमेलच्या हातात.

"काढ माझं पान, चौदा नंबर! आणि मोठ्याने वाच, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे!"

जोमेलने पान काढलं, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात वाचलं,

 

"चौदा नंबरला धक्कासुद्धा लावू नका. तो बाहेर गेला, तर त्यांचा चांगला खेळाडू आत येईल."