बसम्माचा नळ

खड्ड्यात पाइप दिसायला लागला, तशी बसम्मा लुगडं सावरत खाली उतरली आणि पाइपवरच मांडी घालून बसली.

"तोडा आता," ती म्हणाली. "माझ्यासकट तोडा."

पाणीपट्टी वसुलीचे इन्स्पेक्टर त्र्यंबकराव खड्ड्याच्या काठावर उभे होते. मार्च संपत आला होता. थकबाकीदारांचे नळ तोडायचा हुकूम निघाला होता, आणि हुकूम म्हटला की त्र्यंबकरावांना दुसरं काही सुचत नसे. त्यांनी फिटर पिराजीकडं पाहिलं. पिराजीनं आभाळाकडं पाहिलं.

बसम्माचा नवरा गुरुपाद उचगावच्या एका फौंड्रीत कामाला होता. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, मागोमाग कामही गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली. बसम्मा भाकऱ्या थापून विकायची. त्यात औषधं भागायची, पाणीपट्टी भागत नव्हती.

"सायेब," आतनं खाटेवरून गुरुपाद ओरडला, "उन्हात कशाला उभारलाय? आत या की. आमच्यात सावलीला बिल येत न्हाय!"

गल्ली हसली. त्र्यंबकरावांचे कान तापले.

"बाई, वर या. नियम आहे. मी काय करणार?"

"नियमाला म्हणावं, दिसातनं चारदा ह्यांचं अंथरूण धुऊन दाखव. मग ने जा नळ."

पण थोड्या वेळानं गुरुपादला कूस बदलायची झाली. त्यानं हाक मारली आणि बसम्माला उठावंच लागलं. ती उंबरा ओलांडते न ओलांडते तोच त्र्यंबकरावांनी खूण केली. ती परत आली तेव्हा पाइप तुटला होता आणि त्याच्या तोंडावर टोपण बसलं होतं.

ती भांडली नाही. रिकामी घागर उचलून आत गेली. पिराजीनं खड्डा बुजवला, तो मान खाली घालूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कुणीतरी फोन केला. बसम्माच्या दारात पूर आलाय म्हणे. त्र्यंबकरावांनी पिराजीला मागं बसवलं आणि स्कूटर हाणली.

पूरच होता. बॅरल भरून वाहत होतं. घागरी, पातेली, भाकरीची परातसुद्धा काठोकाठ भरली होती. गुरुपाद अंगणात खुर्चीवर बसून डोक्याला साबण चोळून घेत होता. आणि चारी बाजूंच्या भिंतींवरून रबरी पाइप आत लोंबत होते.

"सायेब आलं वाटतं," डोळे मिटूनच गुरुपाद म्हणाला. "पावण्यास्नी पाणी द्या गं. आज लई हाय."

"हे कुणाचं पाणी?" त्र्यंबकराव कडाडले.

शेजारची शालूबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "ह्यो पाइप माझा. पाणी माझं, बिल मी भरतोय. तुळशीला घालीन, न्हायतर बसम्माला दीन."

"असं देता येत नाही! पिराजी, ज्या ज्या घरातनं पाइप आलाय, त्या सगळ्यांचे नळ तोडायचे."

"सगळ्यांचं, सायेब?"

"सगळ्यांचे. कुणाचा मुलाहिजा नाही. खुद्द नगरसेवक असला तरी!"

सगळ्यात जाड धार परसाकडच्या हिरव्या पाइपातून येत होती. त्र्यंबकरावांनी तोच हातात धरला आणि त्याच्या मागानं निघाले. पाइप भिंतीवरून पलीकडं गेला होता. तेही गेले. पॅन्ट टर्रकन फाटली. पाइप गटारावरून गेला, पिठाच्या गिरणीमागून वळला, बोळातनं एका फाटकाखाली शिरला. फाटक ढकलून ते आत घुसले. पुढं दोरीवर धुणं वाळत होतं. ते बाजूला सारताना त्यांच्या हातात एक बनियन आला. काखेत फाटलेला. ओळखीचा.

ते कायम मोठ्या रस्त्यानं वळसा घालून स्कूटरवर घरी यायचे. आपलं परसदार बसम्माच्या घराच्या इतकं जवळ असेल, हे त्यांना कधी समजलंच नव्हतं.

नळाला पाइप चिंधीनं घट्ट बांधला होता. शेजारी पद्मजा, त्यांची बायको, उभी होती.

"काल जेवताना तुम्हीच सगळं सांगितलंत," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही दोनदा भात घेतलात. मला घास उतरला नाही."

मागनं धापा टाकत पिराजी आला. त्यानं नळ पाहिला, बाईंना पाहिलं, बनियन धरलेल्या साहेबांना पाहिलं. हातातला पाना त्यानं हळूच पाठीमागं नेला.

"सायेब... काय करायचं?"

त्र्यंबकरावांनी बनियन परत दोरीवर टाकला. मग नळापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी चिंधीला हात लावून पाहिला.

"पिशवीतनं तार काढून आवळ, पिराजी," ते म्हणाले. "इथनं गळतंय. निम्मं पाणी वाटेतच जातंय."