सासूबाईंची नळी

माझ्या लहानग्या ओकुरूटचं पोटाचं दुखणं औषधाला दाद देत नव्हतं. बरं वाटायचं, पुन्हा उलटायचं. संध्याकाळी नाचणीच्या दारूच्या मडक्यात लांब नळ्या सोडून अख्खी आळी प्यायला बसली, की सासूबाई सुरू व्हायच्या, "सुनेचे हातच घाण. माझ्या नातवाचं पोट नासवलंय."

शेवटी सोरोटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना तपासलं. ओकुरूटला छळणारा जंतू सापडला सासूबाईंच्या पोटात.

"आजी, घास चावून नातवाला भरवता ना? ते बंद. औषध तुम्हालाही घ्यायचंय, आणि ते संपेपर्यंत दारूचा थेंबही नको."

परतताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "आळीत बोलू नकोस हं, पोरी."

नाही बोलले. मी फक्त रविवारी स्वतः मडकं मांडलं, सगळ्यांना बोलावलं आणि सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं. सगळ्यांच्या हातात नळी. त्यांच्या हातात गोळ्या आणि पाण्याचा पेला.

"अगं, तू का पीत नाहीस? आणि या गोळ्या कसल्या?" शेजारच्या अमोंगिननं त्यांना विचारलं.

 

"सांगा ना, सासूबाई. मला बोलायची बंदी आहे."