वस्तादांच्या शेजारची जागा

रविवारी दुपारी चार वाजून सदतीस मिनिटांनी विरुद्ध पेठेच्या संघाने गोल केला आणि त्र्यंबकच्या तालमीचा संघ ज्यांचा, त्या गॅलरीत एकच टाळी वाजली. कोल्हापुरात फुटबॉलच्या मैदानावर समोरच्या पेठेसाठी कुणी टाळी वाजवत नाही. तालमीचे वस्ताद अण्णाप्पा सावकाश मागे वळले.

“कुणी वाजवली रं?”

“मी, वस्ताद,” तालमीतला पोरगा अरिहंत म्हणाला. “आपल्यावर झाला, पर गोल नादखुळा हुता की!”

आता याची धडगत नाही, म्हणून त्र्यंबक मनातून सुखावला. वीस वर्षं तो तालमीचा झेंडा धरून वस्तादांच्या मागच्या पायरीवर बसत होता. वस्ताद ओरडले की ओरडायचा, गप्प झाले की गप्प. वस्तादांनी अरिहंतकडे टक लावून पाहिलं आणि आपल्या शेजारची जागा हाताने झाडली.

“हितं येऊन बस. तुला खेळ कळतुय.”

आठवडाभर त्र्यंबकला अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या रविवारी तालमीच्या संघावर पुन्हा गोल बसला. गॅलरी चिडीचूप झाली. त्र्यंबकने झेंडा मांडीखाली दाबला आणि कडाकडा टाळ्या वाजवल्या. अरिहंतचे हात जागचे हलले नाहीत.

वस्ताद वळले. “आपल्याच गोलकीपरच्या हातातनं बॉल निसटलाय, त्र्यंबक. त्यात काय आवडलं रं तुला?”

त्र्यंबकने गोल पाहिलाच नव्हता. तो सगळा वेळ वस्तादांच्या शेजारच्या जागेकडे बघत होता.

सामना संपायला अजून वीस मिनिटं आहेत आणि वस्तादांनी मान अजून मैदानाकडे वळवलेली नाही.